सांतियागोच्या वाटेवरचा नवस

रास तनुरा (सौदी अरेबिया), ५ मे २००७

ती. सौ. विभाताईस,

सा. न. वि. वि. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि माझा नवस फिटल्याशिवाय ती ऑपरेशनला तयार नव्हती, हे तुला ठाऊक आहे. मला नोकरी लागली तर मी देवरुखाहून मार्लेश्वराच्या देवळापर्यंत अनवाणी चालेन, असं माझ्या वतीने तीच बोलून बसली होती. इथली रिफायनरी मला डिसेंबरपर्यंत सुट्टी देत नाही. ट्रेनिंगला मात्र स्पेनला धाडलं.

तिथे सांतियागोच्या ख्रिस्ती देवळाकडे लोक आपल्या वारीसारखे पायी जातात. रविवारी मोकळा होतो. बूट पिशवीत टाकले आणि त्या वाटेवरच्या मेलिदे गावापर्यंत अनवाणी गेलो. पायाला हे मोठे फोड आले. तिथे सगळे लाकडी ताटलीत ऑक्टोपस खात होते, मी शिवलोही नाही. पालेभाजी-बटाट्याचं सूप, तळलेल्या मिरच्या आणि बदामाचा केक खाल्ला. आईला फोन करून नवस फिटला म्हणून सांगितलं. ती तयार झाली. आता तू मोडता घालू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा सदा

रियाध, १० मे २००७

चि. सदास,

अ. आ. तुझं पत्र वाचून हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. मार्लेश्वराचा नवस स्पेनमध्ये? ऑफिसातली कामं बाहेरून करून घेता तसा देवही बाहेरचा धरलास! आणि पालेभाजीचं सूप म्हणे. आमच्या शेजारची क्षितिजा तीन वर्षं माद्रिदला होती. ती म्हणाली, त्या सुपात डुकराची चरबी असतेच. या देशात जे विमानतळावरून आत येऊ देत नाहीत, ते तू नवसाच्या दिवशी वाटी पुसून खाऊन आलास. इंजिनियर ना तू?

हसण्यावारी नेऊ नकोस. आई खोट्या भरवशावर टेबलावर झोपणार आहे. तिला काही झालं तर तुला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मीच आईजवळ गेले असते, पण आमच्या अनुष्काचे क्लास आहेत, यांची बँक आहे, घर कोण बघणार? तुझ्यासारखं सडाफटिंग नाही मी. आईला खरं काय ते सांग.

जीव तुटतो म्हणूनच इतकं लिहिलं.
विभाताई

देवरुख, २० मे २००७

चि. सौ. विभास,

अ. उ. आ. तुला फोनवर नेहमी घाई असते, म्हणून लिहिते. तुझं पत्र सदाने मला फोनवर वाचून दाखवलं. तुझी भाषा बरीच सुधारली आहे. जावईबापू कमलाकररावांना तिचा लाभ होत नसावा, अशी आशा करते.

सदाला सुट्टी नाही, मग तो मार्लेश्वराला आला कुठून, एवढं मला कळतं. नवस फिटला म्हणाला त्याच दिवशी विचारलं, नारळ कुठे फोडलास? मग सूप, फोड, परका देव, सगळं सांगून रडला. तीस वर्षांचा घोडा! मी म्हटलं, चाललास ना, झालं. आता तू लिहिलेल्या चरबीचं मी मार्लेश्वराशी बघून घेईन. तसाही तो माझ्या ओळखीचा आहे.

ऑपरेशन चौदा जूनला कोल्हापुरात आहे. सहीला घरचं माणूस हवं, असं डॉक्टर म्हणाले. सदाला सोडत नाहीत. तुला कुणी धरून ठेवलेलं नाही. तो माझ्यासाठी भलत्या देशात का होईना, पण अनवाणी चालला. तुला तर विमानात नुसतं बसायचं आहे.

मुलांना पापा. येणार असलीस तरच उत्तर लिही.
तुझी आई