शेवटची रांग

१४ ऑगस्ट

प्रिय दादा,

सभागृहं अजून बंदच आहेत, म्हणून आज आपल्या गोदामातूनच पहिला ऑनलाइन कार्यक्रम केला. एका कंपनीचा बक्षीस समारंभ होता. तो बिघडला असता तर आपला साउंडचा धंदा बंदच करावा लागला असता.

पूर्वी तू शेवटच्या रांगेत बसून, आवाज नीट पोचतोय म्हणून हात वर केलास की मी निर्धास्त व्हायचो. आज हेडफोनवर विसंबलो. त्यात आवाज स्वच्छ होता.

कार्यक्रम सुरू झाला आणि घरी तो ऑनलाइन बघणाऱ्या वहिनीचा फोन आला. साथीत तू गेल्यापासून ती स्वतःहून बोललीच नव्हती.

"भाऊजी, निवेदकाचा आवाज फाटतोय. शेवटच्या रांगेत कोणाला बसवलंय की नाही?"

"इथे रांगाच नाहीत, वहिनी."

"मग मी काय ओट्याशी उभी राहून गंमत बघतेय? मीच शेवटची रांग. कमी करा आवाज."

मी केला.

"अजून. हां, आता बरोबर."

समारंभ संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. कंपनीने पुढचं कामही दिलं.

सगळे गेल्यावर वायरी गुंडाळल्या. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते दाराच्या कडीला अडकवलं.

तुझा,
धाकटा