नातीचा पहिला पेशंट

मंगळवार, संध्याकाळ

दुपारपासून जीभ सारखी दातांवरून फिरते आहे. हे दात माझेच ना?

आमची प्राजक्ता दातांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्याच वर्षाला आहे. एवढ्या लवकर पोरांच्या हाती खरा पेशंट देतात! कॉलेजच्या दवाखान्यात दात साफ करून घ्यायला तिचा पहिला पेशंट आज मी होतो. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने काळे झालेले दात पाहून चारचौघांत नातीची मान खाली जाईल, या धास्तीने सकाळी राखुंडीने ते खसाखसा घासले. हिरडीतून रक्त आले.

खुर्चीत तोंड उघडले तशी ती कुजबुजली, "आबा, काहून घासलं गा? रक्त आलं ना! आता सर मले हात लावू देतील का?"

पोरीची संधी मीच घालवली की काय?

सरांनी आरसा घालून आत पाहिले आणि हसले. "समोर खरचटलंय फक्त. मागे भरपूर कीटण साचलंय. कर सुरू."

तिने मागच्या दाढांपासून सुरुवात केली. एकदाही दुखले नाही.

"हात हलका आहे हिचा," सर म्हणाले.

"नात आहे माझी!" तोंडात नळी होती, कोणाला कळले नसेल.

निघताना तिने खर्रा सोडायची शपथ घातली. सोडीन. पण मग परीक्षेला तिला असा पेशंट कुठून मिळेल?

पुन्हा जीभ फिरवून पाहिली. गुळगुळीत.