अंथुर्ण्यापुढचा रस्ता

मी, राजनंदिनी मानसिंग रणवरे, वय वर्षे एक्केचाळीस, अविवाहित, व्यवसाय संगणक दुरुस्ती, राहणार बारामती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडे येते ते औषधांमुळे. डोके जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आजाराने आणला आहे, पण कायद्यात तो धरत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वयाचे कोणी करत नाही.

आजार पोटातला आहे आणि तो यकृतापर्यंत पोचला आहे. पुण्याला जाऊन आले. आता पुन्हा जाणार नाही.

१) घर. एसटी डेपोच्या मागच्या आळीतील घर, म्हणजे पुढचा दुकानाचा गाळा आणि मागच्या दोन खोल्या, मी स्वकष्टाने घेतले आहे. माझे वडील मानसिंग, ज्यांना मी आप्पा म्हणते, ते हयात असेपर्यंत तेथे राहतील. तोवर ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, गहाण टाकू नये. त्यांच्या पश्चात ते माझा धाकटा भाऊ दीपक याचे. आप्पांची कॉट खिडकीपाशीच ठेवावी. तेथून डेपोतल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, आणि कोणती गाडी कुठली हे ते ओळखतात.

२) बँकेत जे काही आहे ते आप्पांच्या औषधपाण्याला, आणि त्यांना उठवायला-बसवायला येणाऱ्या बानूबाईंच्या पगाराला. बानूबाईंना काढू नये. त्या आप्पांशी मोठ्याने बोलत नाहीत. बाकी सगळे आप्पा बहिरे असल्यासारखे ओरडतात.

३) दुकान. दुरुस्तीला आलेली मशीन ज्याची त्याला परत करावीत. विंडोज दहाची अपडेट बंद झाली तेव्हा पुष्कळांनी धडधाकट पीसी भंगार समजून माझ्या दारात आणून टाकले. त्यांच्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ठेवली आहे, ते सगळे उत्तम चालतात. ते सांगवीच्या वाचनालयाला द्यावेत. माझा सोल्डरिंगचा संच विजयसिंह रावजी वाबळे यांना. हे सांगवीचे टोमॅटोचे बागायतदार. त्यांचा उल्लेख पुढे येईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

४) आतल्या खोलीतील पीसी, त्याला जोडलेले स्टिअरिंग, पेडल आणि समोरची खुर्ची ही मालमत्ता आप्पांची आहे. माझ्या सामानात ती धरू नये. कशी झाली ते लिहिते, म्हणजे कोणी 'म्हाताऱ्याला खेळणे कशाला' म्हणून ती हलवणार नाही.

आप्पा एसटीत चालक होते. बहुतेक सगळी नोकरी बारामती–इंदापूर मार्गावर गेली. हातून कधी अपघात झाला नाही, म्हणून डेपोने बिल्ला दिला होता, तो ते लग्नकार्यातही लावत. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळे होते, पण तोंडातून 'व्हय' आणि 'थांब' एवढेच निघे. आई आधीच गेली होती. आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत.

मी दुकानातला एक जुना पीसी त्यांच्यापाशी नेला. त्यावर लिनक्स होते, कारण माझ्या सगळ्याच मशीनवर असते. जुन्या यंत्राला झेपते, आणि बिघडले तर का बिघडले ते सांगते. त्यावर गाडी चालवण्याचा एक ऑनलाइन खेळ टाकला. जगभरचे लोक त्यात आपापल्या बस-ट्रक घेऊन एकाच रस्त्यावर येतात, ताफ्याने जातात, जाता जाता बोलतात. खेळ विंडोजसाठी केलेला होता, पण असे खेळ लिनक्सवर चालवायची सोय आता आहे, तसा तोही चालला. त्याचे नाव मी लिहिणार नाही. या कागदावर त्याला जागा नाही.

ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसवतात तसली गोल मूठ मी खेळाच्या स्टिअरिंगला बसवली, म्हणजे एका हाताने वळवता येते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही डाव्या पायाखाली आणले. त्यासाठी मध्ये एक छोटे सर्किट स्वतः जोडले. पहिल्या दिवशी आप्पांनी बस शेतात घातली आणि हसले. पुढे एकदा घाटात समोरचा ट्रक वाट देईना, तेव्हा आतून आवाज आला, "आरं, बाजूला घे की!" मी काउंटरवर गिऱ्हाईक सोडून आत पळाले. आप्पा पडद्याकडे बघत होते. आपण बोललो हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते.

त्यानंतर वाचा थोडी थोडी परत आली, पण फक्त स्टिअरिंगवर असताना. त्यांचे जुने कंडक्टर गेणबा शिंगाडे संध्याकाळी यायचे, खुर्चीमागे उभे राहून दोनदा चुटकी वाजवायचे, की आप्पा गाडी सोडायचे.

५) आता जुने देणेघेणे. कंपनीने लबाडी करणारे खेळाडू पकडायला खेळात एक पहारेकरी प्रोग्राम घातला. तो लिनक्सवर चालत नव्हता, आणि तो चालवण्याची कंपनीला गरज वाटली नाही. एका अपडेटसरशी आम्ही सगळे लिनक्सवाले रस्त्याखाली उतरवले गेलो. मी ती बातमी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लिहीत होते आणि आप्पा आत तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते.

मी हट्ट धरला नाही. नवे मशीन आणले, त्यावर विंडोज टाकले. आप्पा पुन्हा ताफ्यात गेले. थोडेच दिवस. मग पडद्यावर लाल अक्षरे आली: अनधिकृत उपकरण सापडले आहे, खाते कायमचे बंद. माझे सर्किट त्या पहारेकऱ्याला चोरीचे हत्यार वाटले होते.

ते दिवाळीचे दिवस होते. दीपक इंदापूरहून आला होता, पाहुणे बसले होते. त्याने ते इंग्रजी वाचले आणि हसत मोठ्याने म्हणाला, "आप्पा, तुमाला लबाड ठरीवलं की कंपनीनं! तरीच म्हनलं, एका हातानं एवढी गाडी कशी पळती!"

पाहुणे हसले. त्याने चेष्टाच केली होती, हे मी जाणते. आप्पांनी स्टिअरिंगवरची मूठ उलटी फिरवत काढली, खूप वेळ लागला, आणि माझ्या हातात दिली. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी कंपनीला लिहिले. आप्पांचे फोटो पाठवले, डॉक्टरांचे कागद पाठवले. दर वेळी उत्तर तेच आले, शब्दसुद्धा तेच. माणसाने वाचले असते तर एखादा शब्द तरी बदलला असता. या कंपनीस मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही. क्षमाही देत नाही. ती मालमत्तेत मोडते की नाही ते वकिलांनी बघावे.

६) माझे मराठी पान, ज्यावर मी लिनक्स आणि त्यावरच्या खेळांच्या बातम्या लिहीत आले, ते विजयसिंह यांना देते. त्यांनी ते असे चालवावे. अमुक खेळ चालतो असे कंपनी म्हणते म्हणून लिहू नये, जुन्या मशीनवर स्वतः चालवून मग लिहावे. 'चालतो' आणि 'चालतो पण आवाज फाटतो' या वेगवेगळ्या बातम्या आहेत. नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची नवी मांडणी, आला तर तो किती देखणा आहे ते शेवटी लिहावे. आधी अक्षर मोठे होते का, मराठी नीट दिसते का, एका हाताने वापरता येतो का ते सांगावे. आणि एखादा खेळ बंद झाला तर टक्का लिहून सोडून देऊ नये. 'एक टक्क्याहून कमी लोकांना अडचण येईल' असे त्या कंपनीने जाहीर केले होते. त्या टक्क्यात कोण बसले आहे हे माहीत असेल तर त्याचे लिहावे.

७) रस्ता. आप्पांचे खाते बंद झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी विजयसिंह सांगवीहून दुकानात आले. तोवर आम्ही ताफ्यात एकमेकांना नुसत्या आवाजाने ओळखत होतो. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाले, "आप्पांचा आवाज न्हाय तर ताफा मुका झालाय वो, ताई. दुसरा खेळ बघू की. आपल्या मालकीचा."

तसा एक खेळ होता. हौशी लोकांनी मिळून केलेला, मोफत, लिनक्सवर उत्तम चालणारा. पहारेकरी नाही, आणि त्यात रस्ते आपले आपण बांधता येतात. म्हणून आम्ही इंदापूर रोड बांधायला घेतला. डेपोचे फाटक, पिंपळी, लिमटेक, भवानीनगर. ऊस भरलेल्या डबल ट्रॉल्या घातल्या, कारण त्यांच्याशिवाय तो रस्ता आप्पांना खोटा वाटला असता. पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते कॉटवरूनच बघत होते. सणसरच्या अलीकडे एकदम म्हणाले, "न्हाय. बाभळ. हितं."

ती बाभूळ रस्ता रुंद करताना कधीच तोडली. मी ती खेळात परत लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बानूबाईंना खुर्चीकडे हात करून दाखवले.

रस्ता अंथुर्ण्यापर्यंत झाला आणि माझ्या पोटात दुखायला लागले. आता मला कामाला फार वेळ बसवत नाही. अंथुर्ण्याच्या थांब्यापुढे काहीच नाही, नुसती हिरवी सपाट जमीन. आप्पा तिथवर जातात, गाडी वळवतात, परत येतात. एकदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारले, "फुडं?"

मी म्हणाले, "करते, आप्पा."

ते माझ्याकडून होणार नाही. शेळगाव, निमगाव केतकी आणि इंदापूर स्थानक विजयसिंह यांनी करावे. घाई नाही, पण आप्पांचे वय लक्षात ठेवावे. विजयसिंह यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट होती. ती त्यांना तोंडी सांगितली आहे. कागदावर आणत नाही.

८) दीपक. त्या दिवाळीपासून मी त्याच्याशी बोलले नाही. आजार कळल्यावर तो आला, दारात उभा राहिला, चप्पल काढू की नको अशा बेताने. मी विजयसिंहांशी पुढच्या रस्त्याचेच बोलत होते, वळणांचे फोटो नाहीत म्हणून. तो ऐकून निघून गेला. आठवडाभराने माझ्या फोनवर फोटो येऊ लागले. अंथुर्णे ते इंदापूर, प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा, मोऱ्यासुद्धा. मजकूर एका अक्षराचा नाही. उन्हाच्या बाजूने काढलेल्या फोटोंत खाली त्याची सावली आली आहे, मोटरसायकलवर बसलेली. मी त्याला फोन केला.

"सावली पुसू का रं?"

"राहू दे, अक्का," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

आप्पांना इंदापूरला न्यायचे झाले तर दीपकने न्यावे, माझी हरकत नाही. पण पीसी आणि खुर्ची आधी न्यावी, आप्पांना नंतर.

९) अंत्यविधी बारामतीतच करावा. अग्नी आप्पांनी द्यावा. डाव्या हाताने कसा, असे भावकीतल्या कोणी विचारले तर त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

१०) आप्पांना कोण सांगणार, हा प्रश्न सगळ्यांनी माझ्यावर सोडला होता. परवा मी सांगितले. ते गाडीवर होते, लासुर्णे मागे पडले होते. मी शेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आप्पा, मी काय आता बरी हुईत न्हाय. डॉक्टर म्हणाले. थोडंच दिस हायत."

त्यांनी लगेच माझ्याकडे पाहिले नाही. दिवा दाखवला, गाडी डाव्या अंगाला घेतली, थांबा नव्हता तिथे थांबवली, हँडब्रेक ओढला. मागून येणाऱ्या ट्रॉल्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. मग मूठ सोडून त्यांनी माझे मनगट धरले. तोंड बराच वेळ नुसते हलत राहिले. शब्द आले ते एकेक करून आले.

"गाडी... माझी हाय. तू... कशी आधी उतरतीस?"

त्यांनी पुन्हा विचारले नाही, आणि मनगटही सोडले नाही. अंधार पडल्यावर बानूबाईंनी येऊन दिवा लावला तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो.

त्या प्रश्नाला उत्तर या कागदात कोठेही नाही. बाकी जे माझ्या हातात होते ते सगळे वर लिहिले आहे. लिहिलेले मी स्वतः वाचले, खाली नावे असलेल्या दोघांना वाचून दाखवले आणि त्यांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्या समक्ष केली.

राजनंदिनी मानसिंग रणवरे
(सही)

साक्षीदार:
१. गेणबा धोंडी शिंगाडे, निवृत्त वाहक, राहणार बारामती (सही)
२. डॉ. कौसल्या अनंत घोरपडे, राहणार बारामती (सही)

स्थळ: बारामती, जिल्हा पुणे
दिनांक: १८ जानेवारी २०२६