आईचा सहा फुटी फोटो

ती. मावशी,

ज्या माणसाचा फोटो काढतात, त्याचं त्या फोटोमुळे नेमकं काय भलं होतं? तू हे फोनवर विचारलंस तेव्हा मी "आवाज नीट येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. उत्तर येत नव्हतं, आणि वर्षभर याच विषयाचं शिक्षण घेऊन अजूनही येत नाही, हे आधी कबूल करते आणि मग तुला नमस्कार करते. (तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला आवाज येत नसल्याची थाप मारणं म्हणजे आईजवळ आजोळच्या गोष्टी सांगण्यापैकीच झालं.) तुझा गुडघा कसा आहे? काका अजून डॉक्टरांची औषधं शेजाऱ्यांना विचारूनच घेतात का? इकडे आई-बाबा बरे आहेत, दुकान बरं आहे, मोठ्या इस्त्रीने या महिन्यात एकदाच शॉक दिला, तोही बाबांना, म्हणजे घरातल्या घरातच मिटलं.

मी विम्याची नोकरी का सोडली हे तुला आईने तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच ("डोकं फिरलंय"). माझी पद्धत अशी: सात वर्षं मी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो फायलीत लावत होते. एक दिवस वाटलं की प्रत्येक चेपलेल्या दारामागे एक माणूस असणार, आणि तो कुठल्याच फोटोत नाही. साहेबांना हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, माणसाचा क्लेम दुसऱ्या खात्याकडे असतो. त्याच आठवड्यात मी सामाजिक छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला. पहिल्या दिवशी रखवालदाराने मला पालकांच्या बाकावर बसवलं. मी अर्धा तास बसले, कारण शेजारच्या बाई त्यांच्या मुलाला कशाकशाची ॲलर्जी आहे ते सांगत होत्या आणि मधूनच उठणं बरं दिसलं नसतं. वर्गातली बाकीची सतरा मुलं एकोणीस वर्षांची आहेत. ती मला ताई म्हणतात. सरही ताईच म्हणतात, आणि ते बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'प्रौढ' लिहिलंय. घरात अजून 'पोरीला काही कळत नाही' चालूच आहे. या दोन्हींच्या मधलं वय माझ्या वाट्याला येऊन गेलं की काय, कोण जाणे.

सर मनाने वाईट नाहीत. बारा महिने काळा शर्ट घालतात (आईने एका नजरेत सांगितलं की कॉलर उलटून शिवलीय, म्हणजे माणूस संसारी आहे). त्यांच्या शास्त्रात ज्याचा फोटो काढायचा त्याला 'विषय' म्हणतात. विषयाने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हसायचं तर नाहीच नाही, आणि फोटो निघतोय हे त्याला कळलं नाही तर सोन्याहून पिवळं. वर्षाचा प्रकल्प होता 'श्रम'. आता आमच्या वर्गातल्या मुलांच्या ओळखीत श्रम करणारं कोणी नाही, त्यामुळे सगळी जण फाटकाबाहेरच्या चांभारदादांकडे गेली. हे दादा गेली सहा वर्षं प्रत्येक तुकडीचा विषय आहेत. कॅमेरा दिसला की ते विचारतात, हात हवेत की चेहरा. आणि दुपारी कोणी गेलं तर परत पाठवतात, की चारनंतर या, उजेड तिरका मिळतो. मला वाटतं परीक्षा त्यांनी दिली असती तर पहिले आले असते.

मला मात्र बाहेर जायची गरज नव्हती. आई-बाबा इस्त्रीचं दुकान चालवतात हे कळल्यावर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला मोठी इस्टेट मिळाली आहे आणि मी ती आजवर लपवून ठेवली होती. दुकानाचा एक फोटो मी दाखवला, त्यातल्या भिंतीवरच्या ओलीवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, ही भिंत बोलते. मग ते स्वतः बघायला येतो म्हणाले. इथे माझी चूक झाली. मी घरी आठ दिवस आधी सांगितलं.

बाबांनी भिंतीला रंगाचे दोन हात मारले. आईने शेजारच्या शिंपिणीकडून फुलदाणी आणली. आणि आपलं ते बेवारस कपाट उघडलं गेलं. वर्षभर गिऱ्हाईक न्यायला आलं नाही की कपडा त्या कपाटात जातो आणि घरातल्या मोठ्या प्रसंगाला बाहेर निघतो, हे तुला ठाऊकच आहे. (तुझ्या निवृत्तीच्या समारंभात बाबांचा कोट सगळ्यांना आवडला होता. तो एका दातांच्या डॉक्टरांचा होता.) सर आले तेव्हा बाबा वकिलाच्या काळ्या कोटात आणि आई कोणा मुख्याध्यापिकेच्या रेशमी शालीत, इस्त्रीच्या टेबलापुढे खांद्याला खांदा लावून उभे होते. हनुवट्या वर, हात सरळ, नजर थेट समोर. फोटो म्हणजे असाच, हे त्यांना त्यांच्या आईवडिलांनी शिकवलेलं. सरांनी आधी भिंत शोधली. मग बाबांकडे बघून मला हळूच विचारलं, की काही कोर्टाचं प्रकरण चालू आहे का. त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. आई-बाबा तसेच उभे राहिले होते, म्हणून मी तो फोटो काढला. एकच.

यानंतर मी सांगायचं बंद केलं आणि नुसती फोटो काढत राहिले. महिनाभराने एका दुपारी हवा तसा फोटो मिळाला. आई स्टुलावर बसल्या बसल्या झोपलीय, डोकं शर्टांच्या थप्पीवर, तोंड उघडं, पाय गार पाण्याच्या बादलीत, आणि एक हात बंद इस्त्रीच्या मुठीवर तसाच. सरांनी त्या फोटोसमोर खुर्ची ओढून घेतली (वर्गात ते कधी बसत नाहीत). मग म्हणाले, सहा फुटी छापायचा, प्रदर्शनात मधल्या भिंतीवर. पेपरवालेही येणार आहेत. फक्त विषयाची परवानगी तेवढी जोडा.

मावशी, पुढचं जरा घाईत सांगते. मी घरातली पहिली पदवीधर. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवसापासून घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे आहे. मी भरते, जिथे सही हवी तिथे बोट ठेवते, आणि आई बोटाच्या शेजारी सही करते. वाचत नाही. वीजमीटरचा अर्ज, गॅसचा अर्ज आणि त्यांच्या मध्ये हा परवानगीचा कागद, असे तीन कागद मी तिच्यापुढे ठेवले. तिने फक्त विचारलं, "इथेच ना?" मी म्हटलं, "हो." इतकंच झालं.

चार दिवसांनी फोटोची लहान प्रत आली तेव्हा मी ती आईला दाखवली. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. तिने हात पुसले, फोटो दाराशी उजेडात नेला आणि कपड्यावर डाग शोधते तसा वर-खाली पाहिला. आधी म्हणाली की थप्पीतल्या तिसऱ्या शर्टाची घडी चुकलीय. मग म्हणाली, "लोकांच्या सुरकुत्या काढण्यात माझा जन्म गेला. आणि माझा फोटो तू चुरगळलेलाच काढलास होय?" आणि पुन्हा कामाला लागली. ओरडली असती तर परवडलं असतं. बाबा मागून म्हणाले की निदान तिचं तोंड तरी मिट, हल्ली कॉम्प्युटरवर होतं म्हणतात.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, विषयाला स्वतःचं सौंदर्य कळत नसतं. सही आहे ना?" सही आहे. शुक्रवारी प्रदर्शन आहे. हा फोटो लावला तर मी पहिली येते. नाही लावला तर दाखवण्यासारखा माझ्याकडे वकिलाच्या कोटातला तेवढा आहे, आणि तो लावला तर नापास. सत्य दाखवावं म्हणून मी नोकरी सोडली, आणि फोटोतलं सत्य खरंच आहे. आई रोज दुपारी तशीच झोपते. पण तिने हो म्हटलेलं नाही, हेही खरंच आहे. मी काय करू? तू सांगशील तेच करीन, अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही.

तुझी,
कागदोपत्री प्रौढ भाची

ता. क. : सल्ल्याचं जाऊ दे, खरं काम वेगळंच आहे. आई जगात फक्त तुझं ऐकते. तू तिला फोन करून म्हण की फोटो छान आलाय, माणसाने लाजावं असं त्यात काही नाही. तू म्हणालीस की ती हो म्हणेल, आणि मग ती सही खरी होईल. (फोटो सोबत पाठवत नाही. उगीच तुझं स्वतःचं मत व्हायचं.)

आणखी ता. क. : पत्र तीन दिवस पिशवीतच राहिलं. परवा पेटीत टाकायला गेले तेव्हा वरचा ता. क. वाचला आणि तो सरांच्या आवाजात ऐकू आला. तेव्हा आईला फोन करू नकोस. मी त्याच दुपारी दुकानात तो परवानगीचा कागद तिला वाचून दाखवला, अकराच्या अकरा कलमं. चौथ्याला, म्हणजे 'सर्व माध्यमांत, कोणत्याही आकारात व सर्व काळासाठी', तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "एवढं तर मी लग्नातही कबूल केलं नव्हतं." बाबा म्हणाले, मी केलं होतं. पँट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, मीही. मग आईने कागद हातात घेऊन विचारलं, ही माझीच सही का. मी हो म्हटलं. "मग तूच फाड, माझे हात ओले आहेत." मी फाडला. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून पुसला, कॉम्प्युटरमधून पुसला, सरांकडची प्रत मागून आणली. आज प्रदर्शनात मधल्या भिंतीवर आई-बाबांचा सरळ उभा फोटो सहा फुटी छापून टांगलाय. आईने स्वतः येऊन चौकट नीट केली, बाबा आले ते कोट घालूनच. सरांनी खाली 'पुन्हा सादर करावे', म्हणजे नापास, असा शेरा लिहिला. येताना कार्यालयात थांबून मी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा अर्ज भरून दिला, प्रत्येक ओळ वाचून.