घोट्यावरचं घड्याळ

२ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आज झापलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डाव्यातही सुरू झालाय. पण तीन महिन्यांची शुगर साडेदहा. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. रोज अर्धा तास चाला म्हणाल्या. शुगर, बीपी, गुडघे, सगळ्यालाच बरं. मी म्हटलं, बाई, शिलाई मशीनवर दहा तास बसते मी, चालू कधी? म्हणाल्या, म्हणूनच चाला.
उद्या पाचला उठणार. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

३ मार्च
उठले. साडेसातला. गुडघा कुरकुरत होता. दुखऱ्या गुडघ्याला पळवायचं म्हणजे पाप.

९ मार्च
पोरीने पावलं मोजायचं घड्याळ पाठवलं. मनगटावर शिवताना मध्ये येतं. घोट्यावर बांधलं. संध्याकाळी बघते तर अकरा हजार! मशीनचं पायडल मारलं की तेपण मोजतं. म्हणजे वीस वर्षं मी चालतेच आहे. डॉक्टरीणबाईंना शिवणातलं काय कळतंय!
पोरीला आकडा तिच्या फोनवर दिसतो. कमाल केलीस आई, म्हणाली. कशी केलीस ते विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२८ मार्च
एकोणीस हजार. एवढं चालल्यावर चहात साखर लागतेच. बिस्किटं चार. हे म्हणाले, अगं, चार? मी म्हटलं, तुमची आजची पावलं किती ते सांगा आधी.

१७ एप्रिल
काळ्या कोटावर काळा दोरा. दिसेना. चाचपडत शिवला. कोटवाली परत आली, डावी बाही उलटी लागलेली. म्हणाली, ताई, तुमच्या हातून असं कधी होत नाही. बल्बच मिणमिणता, मी काय करू?

६ मे
नवे बल्ब लावले, दोन. तरी सुईत दोरा ओवायला यांना हाक मारावी लागते. आज चारदा मारली. चौथ्यांदा यांनी सुई हातात ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खेकसले.
शिवण सुटलं तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. देवा, डोळा राहू दे.
उद्यापासून पंचवीस हजार झाल्याशिवाय मशीनवरून उठायचं नाही.

२ जून
शुगर अकरा. उतरली नाही, वाढली.
डॉक्टरीणबाईंना आकडे दाखवले. विचारलं, घड्याळ कुठे बांधता? सांगितलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर भांडले तरी असते. म्हणाल्या, बसून पाय हलवणं काहीच न करण्यापेक्षा बरं, पण सगळं अंग हललं पाहिजे, थोडा दम लागला पाहिजे. वर बिस्किटं, तीही मीच सांगून बसले. ऑपरेशन तीन महिने पुढे.

३ जून, संध्याकाळ
खरंच चालायला गेले. कोपऱ्यापर्यंत. धाप लागली, भिंतीला टेकले. परत येताना एक माणूस समोरून सरळ अंगावर. बाजूला होईना. मी ओरडले, डोळे फुटले का रे तुझे?
तो म्हणाला, अगं, मी आहे.
हेच होते. उशीर झाला म्हणून बघायला आले होते. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.
यांनी कोपर धरलं. मी सोडवून घेतलं नाही.