शहागंजातून गंजावर औषध

रविवार, संध्याकाळ

पाठ गेली कामातून. दिवसभर गाडीखाली पडून गंज घासला. बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, सीटपुढं पायाखालच्या पत्र्याला पडलेलं भोक मात्र घासता घासता वाढतच गेलं. त्यातून रस्ता दिसतो म्हणून बाई वर्षभर पाय वर घेऊन बसते. उद्या तिच्या आईकडं कन्नडला जायचंय. सकाळीच बजावलंय, "पत्रा हलला तर मी एसटीनं जाईन आणि गाडी भंगारात."

दुपारी शहागंजच्या बाजारात दुकानदाराला मी मराठीतच विचारलं, "गंजावर काय आहे?"

"गंज तो यहीच है चाचा, शहागंज! आपको जंग की दवा होना?"

एवढं संस्कृत शिकून फायदा काय? गंजाला गल्लीत 'जंग' म्हणतात तेच ऐन वेळी आठवलं नाही.

भोकावर तुपाच्या डब्याचा पत्रा रिव्हेटनं ठोकला, वर त्याच दुकानातला गंजावरचा लाल रंग दिला. रंगाखालून 'शुद्ध' अजून वाचता येतंय. असो, काहीतरी शुद्ध आहे.

आत्ता सुमनला बसवून पाहिलं. तिनं त्या भोकाच्या जागी टाच दाबली, मग दोन्ही पाय टेकवले. पत्रा हलला नाही. तरी पाय पुन्हा वर!

"आता काय झालं?"

"सवय हो. पिशव्या डिकीत टाका, गाडीनंच जाऊ."