नाव घालू का?

बंगळूर

सौ. त्रिशला, जय जिनेंद्र.

मी खुशाल आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे? कडेगावात ऊसतोड सुरू झाली का?

सूनबाईचं कौतुक कळवतो. कविता चालीत म्हणणारा एक प्रोग्राम आहे. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगातलं कुणीही दुरुस्ती पाठवतं, पटली तर घेतात. परवा तो मंदाक्रांता वृत्त एका दमात म्हणत सुटला. मी म्हटलं, "प्राची, अगं, मधे थांबायचं असतं! शाळेत मी पोरांना तिथंच श्वास घ्यायला लावायचो." अजून तो वर्ग कानात घुमतो बघ. तिनं तसं लिहिलं. तिची पहिलीच दुरुस्ती, लगेच मंजूर! परदेशातून शाबासकी आली.

पाठवताना तिनं विचारलं होतं, "मामा, तुमचंबी नाव घालू का?"

"मला कशाला गं?" म्हटलं. आपल्याकडं दुसऱ्यांदा आग्रह होतोच. पोरीनं बटणच दाबलं!

आता तिथं नुसतं तिचं नाव झळकतंय. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखतंय, आणि ते गोळ्यांनी थांबणारं नाही.

शिखरिणीतही तीच चूक आहे. मी अजून बोललो नाही. तिनं पुन्हा विचारलं, तर या खेपेला पहिल्याच शब्दाला हो म्हणेन. मला पुन्हा विचारायचं फोनवर तिला सहज सुचव. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझाच,
भरतेश